सातवी चाचणी

१

“निळा झगा, एका पायात चप्पल नाही. नाव सांगत नाही, रडतही नाही. अशी एक मुलगी चौकशीच्या खिडकीपाशी बसली आहे. जिची असेल तिनं धावत येऊ नये, पडेल. पण यावं.”

बसस्थानकाच्या भोंग्यातून चाळीस वर्षांपूर्वी आलेला हा आवाज प्रतबाईंच्या कानातून कधी उतरलाच नाही. आईचा चेहरा धूसर झाला, शाळेतल्या कविता विरून गेल्या, पण सायीसारखा जाड आणि ताकासारखा किंचित आंबूस असा तो आवाज जसाच्या तसा राहिला.

म्हणून मंगळवारी दुपारी तिशीतला एक दाढी वाढलेला माणूस दुकानात आला आणि म्हणाला, “माझ्या आईचा आवाज चोरीला गेलाय. ती बसस्थानकावर निवेदिका होती,” तेव्हा प्रतबाईंच्या हातातला पेचकस टेबलावर पडला. त्यांनी तो उचलला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

प्रतबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून लोकांचे बुडालेले फोटो, हिशेब, प्रबंध वर काढायचे हा त्यांचा धंदा. रडत आलेल्या प्रत्येकाला त्या एकच विचारायच्या, “दुसरी प्रत कुठे आहे?” त्यावरून गल्लीनं हे नाव पाडलं. त्यांच्याकडे चष्मे दोन, छत्र्या दोन, घराच्या किल्ल्या तीन, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी बहिणीकडे. “मग नवरा एकच कसा?” असं शेजारीण विचारायची. “त्याची प्रत काढण्यासारखी नव्हती,” असं त्या सांगायच्या.

“सगळं सांगा,” त्या म्हणाल्या. “सुरुवातीपासून.”

आईच्या घशात गाठ होती. परवा, गुरुवारी सकाळी, शस्त्रक्रिया. स्वरयंत्र काढून टाकायचं होतं. एक सोय मात्र होती. माणसानं आधी पुष्कळ वाक्यं बोलून ठेवली, तर त्यावरून कॉम्प्युटर त्याचा आवाज शिकतो. मग फोनवर अक्षरं लिहायची, आणि फोन त्या माणसाच्या आवाजात बोलतो. आईनं चार महिने, रोज दुपारी, सोळाशे वाक्यं बोलून ठेवली होती. मुलगा कॉम्प्युटरच्याच धंद्यातला; तो नोकरीच्या गावाहून सोमवारी आला, कॉम्प्युटर उघडला, तर वाक्यं नाहीत आणि त्यांतून घडवलेला आवाजही नाही.

“पुन्हा नाही का बोलता येणार?”

“गेल्या पंधरवड्यात आवाज बसला. दहा वाक्यांत रक्त येतं.”

“दुसरी प्रत?”

तो कडवट हसला. “दुसरीही होती, तिसरीही होती. एक कॉम्प्युटरवर, एक कपाटातल्या डिस्कवर, एक इंटरनेटच्या साठ्यात. शहाण्या माणसानं ठेवावं तसं ठेवलं होतं. तिन्हीकडून गेलं.”

प्रतबाईंनी दुकानाची पाटी उलटी केली. एका जागेवरून गेलं तर अपघात म्हणावा. तीन जागांवरून गेलं तर त्यामागे माणसाचा हात असतो.

“घरात माणसं किती?”

“आई, बाबा, मावशी. मी धरून चार.”

“तुम्हाला धरूनच मोजते आहे,” त्या म्हणाल्या.

२

घराची पुढची खोली म्हणजे वडिलांचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान. भिंतीवर सव्वीस घड्याळं. सगळी एकाच वेळेला एकच गोष्ट सांगत होती, आणि तरी प्रत्येकाचा सूर वेगळा. वडील डोळ्याला भिंग लावून वाकलेले. गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणे. त्यांनी मान वर केली, भिंगातला डोळा मोठा दिसला आणि लगेच खाली गेला.

“या,” एवढंच म्हणाले.

आत मधल्या खोलीत आई बसली होती. सडपातळ, पांढरे केस, गळ्याभोवती मऊ रुमाल. मांडीवर शाळेतल्या मुलांची असते तशी पाटी. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. तिनं पाटीवर लिहिलं, “बसा. चहा घेणार?” अक्षर टपोरं, गोल. प्रतबाईंना वाटलं, त्या अक्षरालाही तो आवाज आहे. पाणावलेले डोळे त्यांनी चष्मा पुसायच्या निमित्तानं लपवले.

“वाक्यं कुठं बसून बोलत होता?”

आईनं कपड्यांच्या कपाटाकडे बोट केलं. मुलानं दार उघडलं. आत गोधड्या लटकवल्या होत्या, मध्ये एक स्टूल, एक माईक. “बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. त्या घड्याळांची टिकटिक माईक सोडत नाही.”

“तो माईक काय सोडतो,” कोपऱ्यातून आवाज आला. मावशी लोकर विणत होती. आईची थोरली बहीण, सत्तरीची, उंच अंबाड्याची. “चार महिने धाकटीला कपाटात कोंडून ठेवलंय यानं. लहानपणी हा कपाटात लपायचा, आता आईला लपवलं.”

“मावशी, पुरे.”

प्रतबाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. त्याची आतली साठवण नव्या जातीची, खडूची पाटी ओल्या फडक्यानं पुसावी तशी पुसली गेलेली. तिथं उकरायला काही नव्हतं. मग त्यांनी कपाटातली डिस्क मागितली. ती जुनी, फिरणाऱ्या चकतीची. त्यांना हायसं वाटलं. अशा चकतीवरून पुसलेलं खरं तर पुसलेलं नसतं. नाव जातं, मजकूर राहतो. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो खाली दबून वाट बघत असतो.

डिस्क लावली, आणि त्या थिजल्या. चकती काठोकाठ भरलेली होती. लग्नाच्या फिती, वाढदिवसाच्या फिती, वीस वर्षांचे चलच्चित्रांचे ढीग. सगळं सोमवारी दुपारी एका बैठकीत ओतलेलं. खाली जे दबून होतं त्यावर मातीचा डोंगर टाकावा तसं.

पुरावा कसा पुरावा हे ज्याला माहीत आहे, त्यानंच हे करावं असं ते काम होतं.

“हे कुणी केलं?”

मावशीच्या सुया थांबल्या.

“मी,” मुलगा म्हणाला.

३

“तुम्ही या धंद्यातले. पुसलेल्या डिस्कवर लिहू नये हे तुम्हाला कळत नाही?”

त्याला प्रतबाईंनी अंगणात नेलं होतं. तो पायरीवर बसला, तळहात डोळ्यांवर दाबून.

“कळतं. दुसऱ्याच्या बाबतीत कळतं. फोल्डर रिकामं दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. वाटलं, आईचं जे जे उरलंय ते तरी वाचवू. जुन्या फिती मिळतील तिथं ओतत सुटलो. अर्ध्या तासानं कळलं, मी काय करून बसलो.”

खरं बोलत असेल. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो हे प्रतबाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. पण खरं बोलणारा जसा बोलतो, तसाच चांगला खोटं बोलणाराही बोलतो.

“तीन प्रती एकमेकींना कशा जोडल्या होत्यात?”

“आरशासारख्या. कॉम्प्युटरवर जे असेल तेच इंटरनेटच्या साठ्यात लगेच. डिस्क लावली की डिस्कवरही तेच.”

“आणि कॉम्प्युटरवर जे नसेल?”

त्यानं तळहात डोळ्यांवरून काढले.

“आरसा म्हणजे प्रत नव्हे, दादा,” प्रतबाई हळूच म्हणाल्या. “तुम्ही समोरून उठलात की आरशातलाही उठतो. तीन जागी ठेवलं म्हणता, पण एकाच जागी ठेवलं होतंत, तीन वेळा. साठ्यातला कचऱ्याचा डबा? पुसलेलं तिथं महिनाभर राहतं.”

“तो मीच बंद केला.” त्याचा आवाज खोल गेला. “आईला वाक्याच्या मध्येच खोकला यायचा. खोकल्याची वाक्यं पुसायची, पुन्हा बोलायची. रोज चाळीस-पन्नास. डबा भरून वाहायचा आणि साठा अडायचा. म्हणून म्हटलं, डबाच नको. पुसलं की गेलं.”

म्हणजे तीन चोऱ्या नव्हत्या. चोरी एकच, आणि त्यासाठी ना कपाटाची किल्ली लागली, ना साठ्याचा परवलीचा शब्द. घरातल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी एकदा पुसलं होतं. बाकीचं काम मुलानं बसवलेल्या चोख व्यवस्थेनं केलं.

“डिस्क कोण लावतं?”

“बाबा. शनिवारी घड्याळांना चावी देतात, त्याच फेरीत. सव्वीस घड्याळं आणि सत्ताविसावी डिस्क.”

पुढच्या खोलीत घड्याळकाका बारीक चिमट्यात एक केसासारखी स्प्रिंग धरून बसले होते. प्रतबाईंनी आरशाची गोष्ट त्यांना पुन्हा सांगितली.

“म्हणजे शनिवारी मी ती लावली,” ते सावकाश म्हणाले, “आणि माझ्याच हातानं डिस्कवरचं गेलं.”

“तुम्हाला कसं कळणार?”

स्प्रिंग चिमट्यातून निसटली. ती शोधायला ते टेबलाखाली वाकले, आणि एका स्प्रिंगला लागावा त्याच्यापेक्षा बराच वेळ खाली राहिले.

प्रतबाई परत कॉम्प्युटरपाशी आल्या. यंत्राची एक रोजनिशी असते. कुणी वाचत नाही, पण ते लिहीत राहतं, एखाद्या आजेसासूसारखं, कोण कधी आलं आणि किती वाजता गेलं. तिच्यात लिहिलं होतं: शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

शुक्रवारी चार वाजता मुलगा शंभर कोसांवर कचेरीत होता, दहा जणांच्या बैठकीत. घरात तिघंच. एक भिंग लावणारा, एक विणणारी, आणि एक जिला बोलायची मनाई.

४

“मला ते यंत्र चालू कसं करायचं ते ठाऊक नाही,” मावशी विचारण्याआधीच म्हणाली.

“बरं.”

“आणि ठाऊक असतं तरी मी हात लावला नसता. पण गेलं त्याचं मला दुःख नाही, हे तोंडावर सांगते. माणसाचा आवाज माणसाबरोबर. आमची आई म्हणायची,
ओंजळीतलं पाणी, बाई, बोटांतून गेलं,
कुणी शहाण्यानं सांगा, गाठोड्यात नेलं?
उद्या धाकटी गेली, आणि मागं तिचा फोन मला ‘ताई, जेवलीस का’ म्हणाला, तर मी काय उत्तर देऊ?”

प्रतबाई हसल्या नाहीत. “पत्त्यांत राणी अडली की काय करता हो?”

“खालचं पान चोरून बघते, आणि...” मावशीची जीभ दातांखाली आली.

“शुक्रवारी तीन वाजून दहा मिनिटं ते चारला दहा कमी. कॉम्प्युटरवर पत्त्यांचे नऊ डाव. रोजनिशीत आहे.”

मावशीनं लोकरीचा गुंडा मांडीवर घट्ट धरला. मग तिचे खांदे पडले. “रोज खेळते. धाकटी झोपली की. या वयात जुगारी म्हणतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. माझ्या भाच्याला सांगू नका, तो मला शिकवायला बसेल.”

“आणि चारला?”

“दाताच्या डॉक्टरकडे. कवळी बोचत होती.” तिनं पाकिटातून दवाखान्याची चिठ्ठी काढली. तिच्यावर वेळ होती चार, आणि खाली डॉक्टरांची सही. “निघाले तेव्हा धाकटी पलंगावर होती, भिंतीकडे तोंड करून. भावोजी दुकानात.”

यंत्रावर राग असलेली बाई सुटली होती, आणि तीही यंत्राच्याच साक्षीनं. प्रतबाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर मागून मावशी म्हणाली, अगदी सहज, सुयांकडे बघत:

“भावोजींना विचारा एक. गाणं म्हणून कधी त्यांनी ऐकलं नाही. आणि गेल्या गुरुवारपासून रोज सकाळी कानात वायरी घालून बसतात. डोळे मिटून. मी चहा ठेवायला गेले तर दचकतात, चोर सापडल्यागत.”

५

बुधवारी सकाळी प्रतबाई पुन्हा आल्या. एकच दिवस उरला होता. रात्रभर त्यांच्या मनात ती रोजनिशी फिरत होती, आणि तिच्यात तीन गोष्टी खुपत होत्या.

पहिली. पुसणाऱ्यानं एकदम सगळं पुसलं नव्हतं. आधी एकच फाईल पुसली होती. तिचं नाव ‘चाचणी ७’. लांबी चार सेकंद. मग बाकीचं. आणि पुसण्याआधी ती फाईल लागोपाठ तीन वेळा ऐकली होती.

दुसरी. शेजारीच ‘स्थानक’ नावाचं फोल्डर होतं. बसस्थानकावरच्या जुन्या फितींतून उतरवलेल्या घोषणा, अडीचशेच्या वर. त्यांत भोंग्याची घरघर, गाड्यांचे हॉर्न, म्हणून आवाज घडवायला त्या निकामी. त्यांतल्या एकीलाही धक्का लागला नव्हता. ज्याला हा आवाज नकोसा झाला होता, त्यानं तोच आवाज तिथं जपून ठेवला होता.

तिसरी सगळ्यांत विचित्र. गुरुवारी, पुसण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ‘चाचणी ७’ जन्माला आली होती. आणि दहा वीसला कॉम्प्युटरला काहीतरी लहान जोडलं गेलं होतं. अंगठ्याएवढा पेन ड्राइव्ह. घरातल्या कुणीही त्याचा उल्लेख केला नव्हता.

“चाचण्या काय होत्या?” त्यांनी मुलाला विचारलं.

“आवाज नीट जमला का बघायला. मी एखादं वाक्य लिहायचो, यंत्र आईच्या आवाजात म्हणायचं. पहिली, ‘दार लाव, मांजर येईल.’ दुसरी, ‘तुझी दाढी मला आवडत नाही.’ आई पोट धरून हसली होती. अशा सहा.”

“सातवी?”

“सातवी नाहीये.”

प्रतबाईंनी आईकडे पाहिलं. खडू पाटीवर टेकला होता, पण हलत नव्हता. आई खिडकीबाहेर बघत होती.

त्या पुढच्या खोलीत गेल्या. घड्याळकाकांसमोर स्टूल ओढून बसल्या.

“सातवी चाचणी कुणी केली, काका?”

“मला काय माहीत. मला टाईप कुठं करता येतं? मी आपला शनिवारी डिस्क लावतो.”

प्रतबाईंची नजर टेबलावरून फिरली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाला एक पट्टी बांधलेली. गिऱ्हाईक, तारीख, वेळ, दोष. सगळं जुन्या टाईपरायटरवर टाईप केलेलं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. एका पट्टीवर शुक्रवार होता, चार वाजून पाच मिनिटं, आणि दोषाची सहा ओळींची तक्रार. असं गिऱ्हाईक पाच मिनिटांत हलत नाही.

“ही पाकिटं कसली?” त्यांनी विचारलं. टेबलामागे लाकडी खण होते, आणि खणांत शेकडो कागदी पुड्या.

काकांचा चेहरा जरा सैल झाला. धंद्याची गोष्ट निघाली की कारागीर शत्रूशीही बोलतो. “जुने भाग. घड्याळाचं चाक बदललं, तरी जुनं टाकायचं नाही. पुडीत घालायचं, नाव-तारीख घालायची, वर्षभर ठेवायचं. नवं कधी दगा देईल सांगता येत नाही. माझ्या गुरूनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं. उघडण्याआधी आहे ते बाजूला ठेव, मग हात घाल.”

“उघडण्याआधी,” प्रतबाई म्हणाल्या.

काकांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

सव्वीस घड्याळांत दहाचे ठोके पडू लागले. त्या गजरात प्रतबाई उठल्या, खणांवरून बोट फिरवत गेल्या. प्रत्येक पुडीवर गिऱ्हाइकाचं नाव होतं. एका पुडीवर नव्हतं. तिच्यावर फक्त तारीख होती. गेला गुरुवार.

६

पुडीतून पेन ड्राइव्ह निघाला. काकांनी तो हिसकावून घेतला नाही. त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि रिकाम्या डोळ्यांनी बघत बसले.

“सगळं आहे यात?”

“सोळाशे वाक्यं. घडवलेला आवाजही.” काका म्हणाले. “मी त्या यंत्रात पहिल्यांदाच हात घालणार होतो. काही बिघडलं तर? म्हणून आधी आहे ते बाजूला काढलं.”

“नाही काका. दहा पाचला वाक्य केलंत, दहा वीसला हे लावलंत. हात आधी घातलात. हे घेतलंत ते सातवी चाचणी जवळ राहावी म्हणून. बाकी सगळं सवयीनं आलं.”

काकांनी भिंग बोटानं बाजूला सारलं.

“पोराची झोप उडाली. उद्या शस्त्रक्रिया. आणि तुम्ही तीन दिवस यावर बसून आहात. संशय घ्यावा तर तुमचाच घ्यावा, पण तुम्ही पुसलं नाहीत. ज्यानं वाक्य लिहिलं, त्याला ते तीन वेळा ऐकून मग पुसायची गरज काय? शिवाय चार दहाला तुम्ही सहा ओळींची तक्रार ऐकत होतात.”

“मला ठाऊक आहे कुणी पुसलं,” काका म्हणाले. “शनिवारी नव्हतं ठाऊक. सोमवारी पोरगा ओरडला तेव्हा कळलं. मी तिच्याकडे बघितलं, आणि तिनं पाटी पालथी घातली.”

“काय लिहिलं होतंत सातव्या चाचणीत?”

काकांनी टेबलाच्या कडेला हात पुसले. जणू हातांना तेल लागलं होतं.

“गेल्या हिवाळ्यात तिचा आवाज घोगरा झाला. मीच म्हणालो, धूळ आहे. जाईल. गुळण्या कर. पाच महिने मी धूळ म्हणत राहिलो. डॉक्टर म्हणाले, पाच महिने आधी आला असतात तर आवाज राहिला असता. ती मला काही बोलली नाही. एक शब्द नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणून त्या गुरुवारी, ती अंघोळीला गेली तेव्हा, मी यंत्रात लिहिलं, ‘तुमचा काही दोष नाही.’ आणि ते तिच्या आवाजात म्हणालं. हा पेन ड्राइव्ह फोनला लावून रोज सकाळी ऐकायचो. खोटं आहे हे ठाऊक असून.”

“आणि त्यांनी ते ऐकलं.”

“ऐकलं आणि पुसलं. हेच तिचं उत्तर. मग कुठल्या तोंडानं मी ही पुडी पुढं करू? म्हणू, हा घे तुझा आवाज, याला मी खोटं बोलायला लावलंय?”

दारात काहीतरी वाजलं. पडद्याआड खडू पडून फुटला होता.

७

आई आत आली. मागे मुलगा, त्याच्या मागे हातात लोकर घेऊन मावशी. सगळं ऐकल्याचं आईच्या चेहऱ्यावर होतं.

प्रतबाईंना या घरात आता आपलं काम उरलं नाही असं वाटलं, पण अर्धवट सोडून जाण्याची त्यांना सवय नव्हती. त्या आईकडे वळल्या, आणि त्यांचा सूर आपोआप लहान मुलीसारखा खाली आला.

“तुम्ही स्थानकाच्या घोषणांना हात लावला नाहीत. त्या तुम्ही बोललेल्या होत्या. तुम्ही पुसलंत ते, ज्यातून न बोललेलं निघू शकतं. एवढं मला कळलं. आता हे तुमचं.” त्यांनी पेन ड्राइव्ह तिच्या तळहातावर ठेवला. “ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. ठेवणार असाल तर याच्या तीन प्रती मी आत्ता काढते. आरसा नाही. खऱ्या. एक माझ्या बहिणीच्या गावी जाईल.”

“आई,” मुलगा म्हणाला, “तू पुसलंस? मला सांगायचं तरी. मी तीन दिवस...”

आईनं त्याच्या दाढीवरून हात फिरवला. मग पेन ड्राइव्ह मुठीत बंद करून ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. काका उठायला लागले. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

“ठीक आहे गं,” काका खाली बघत म्हणाले. “पुसलंस ते बरोबर केलंस. तुझ्या तोंडी मी कोण शब्द घालणार? तुला तसं वाटत नाही, हे मला कळलं.”

तिनं मान हलवली. नाही.

मावशीनं नवा खडू पुढे केला. आईनं घेतला नाही. पाटी तिनं टेबलावर घड्याळांच्या पट्ट्यांमध्ये ठेवून दिली आणि गळ्याचा रुमाल सोडला.

“धाकटे, बोलू नको,” मावशी म्हणाली. “डॉक्टर काय म्हणाले?”

“उद्यापर्यंत माझा आहे,” आई म्हणाली.

प्रतबाईंनी स्टुलाची कड धरली. आवाज फाटला होता, तळाशी खरखर होती, पण शब्द ठेवायची रीत तीच. एक शब्द नीट टेकवून मगच दुसरा उचलायचा.

“खोटं होतं म्हणून नाही पुसलं,” ती म्हणाली. एक श्वास घेतला. “खरं होतं. ते खरं मी बोलायला हवं होतं. आणि यंत्र बोललं. तीनदा ऐकलं. तीनदा वाटलं, हे मी का नाही म्हटलं.”

“अगं, मीच धूळ धूळ म्हणत...”

“ऐका.” ती खोकली. मुलगा पुढे झाला, तिनं हातानं थांबवलं. “तुम्ही धूळ म्हणायच्या आधी महिनाभर मी डॉक्टरकडे जाऊन आले होते. एकटी. बुधवारी, ताई बाजारात होती तेव्हा. त्यांनी आरसा घालून घसा बघितला. म्हणाले, गाठ आहे, तुकडा काढून तपासू, पुढच्या आठवड्यात या. मी गेले नाही.”

मावशीनं हातातली लोकर टेबलावर ठेवली.

“गेले असते तर त्यांनी नाव सांगितलं असतं. नाव कळलं की मग ते घरात येऊन बसतं. मला आवाज जायची इतकी भीती वाटली की मी त्यालाच घालवला.” शब्द ठाम पडत होते. “आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, धूळ आहे, जाईल. इतकं बरं वाटलं मला. म्हणून मी तुम्हाला ते रोज म्हणू दिलं.”